मदत हवी आहे : नॉर्वेतील एकाच नावाच्या व्यक्ती आणि ठिकाणे यांची नोंद कशी करावी?

नमस्कार. एका मराठी नामसूचीसाठी मी नॉर्वेतील नावांच्या नोंदी तयार करीत असून, एकच नाव व्यक्ती आणि ठिकाण या दोघांचेही असल्यास त्यांची मांडणी कशी करावी, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

‘सोलबर्ग’ हे नाव घ्या. नॉर्वेत या नावाची अनेक शेतघरे आहेत आणि माजी पंतप्रधान एर्ना सोलबर्ग व २००३ चे जागतिक मोटार-रॅली विजेते पेटर सोलबर्ग यांचे आडनावही हेच आहे. पूर्वी तेथील ग्रामीण माणूस स्वतःच्या व वडिलांच्या नावापुढे राहत्या शेतघराचे नाव लावी आणि घर बदलले की तेही बदले. कायमचे आडनाव १९२३ च्या कायद्याने सक्तीचे केले. त्यामुळे एकाच शेतघराचे नाव लावणारी माणसे एकमेकांची नातलग असतीलच असे नाही. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखाच हा प्रकार, मात्र नॉर्वेतील नावांत प्रत्ययही नसल्याने गोंधळ अधिक होतो.

‘नान्सेन’च्या बाबतीत प्रवास नेमका उलटा आहे : ध्रुवीय संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन (१८६१–१९३०) यांच्यावरून अंटार्क्टिकातील पर्वताला, आर्क्टिक महासागरातील खोऱ्याला आणि चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळील विवराला नाव मिळाले. येथे व्यक्ती प्रथम ठेवणे मला उचित वाटते.

मग सोलबर्गसारख्या नोंदीत ठिकाण आधी द्यावे, की सर्वत्र एकच क्रम पाळावा? नातेसंबंध नसलेल्या समनामी व्यक्तींसाठी मराठी कोशांत काही रूढ खूण असल्यास तीही कृपया सांगावी.