‘मात्रा’ म्हणजे डोस की औषध?

नागपुरातल्या महालमधून प्रश्न: बी.फार्मच्या पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी मराठीत टिपणं काढतोय. ‘डोस’ला ‘मात्रा’ लिहिलं. आजीनं ऐकलं नि म्हणाली, “मात्रा काहून मोजतं रे? ते तं उगाळून देतात.” आता काय लिहू?

इतवारीतून: आजीचंही बरोबर, तुमचंही. मूळ धातू ‘मा’, म्हणजे मोजणे. छंदातली मात्रा, औषधाची मात्रा, सगळ्या तिथल्याच. पारा, गंधक, धातूंची भस्मं घातलेली रसौषधं गुंजेच्या हिशेबात द्यायची. गुंज म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम. इतकं जपून मोजायचं, म्हणून मोजमापाचंच नाव औषधाला चिकटलं असावं, असा माझा तर्क. हेमगर्भाची मात्रा घ्या: सोनं, तांबं, पारा, गंधक. सहाणेवर आल्याच्या रसात दोन-चार वळसे उगाळायची, मधात कालवायची आणि हातपाय गार पडलेल्या माणसाच्या जिभेला चाटवायची. ‘आता कोणतीच मात्रा चालेना’ हे त्यातूनच आलं. तिथे ‘डोस’ घालून बघा, वाक्य बसत नाही. (‘डोस पाजणे’ मात्र आपण उपदेशासाठी ठेवलाय!)

धंतोलीहून: डोस मूळ ग्रीक, अर्थ ‘देणे’. मात्रेवरून विष ठरतं, असं युरोपातला वैद्य पॅरासेल्सस यानं १५३८ मध्ये लिहिलं. “आमच्या चरकानं हे आधीच सांगितलंय” असं लगेच म्हणतात, पण ते अर्धंच खरं. चरकाचा शब्द ‘योग’ आहे: ‘योगादपि विषं तीक्ष्णमुत्तमं भेषजं भवेत्’, म्हणजे नीट योजलं तर तीव्र विषही उत्तम औषध होतं. पुढच्याच ओळीत दुर्युक्त, म्हणजे चुकीच्या रीतीनं योजलेल्या, औषधाचं विष होतं. त्यात मात्रा येते, शिवाय काळ, रोगी, अनुपान (औषध ज्यासोबत घ्यायचं ते) हेही येतं. पॅरासेल्ससचा भर एकट्या प्रमाणावर.

प्रमाण किती नाजूक, ते विदरिंग या इंग्रज डॉक्टरच्या १७८५ च्या पुस्तकात दिसतं. अंगावर पाणी चढलेल्या रोग्यांना तो फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीची पानं द्यायचा. लघवी सुटली, मळमळलं, नाडी मंदावली किंवा जुलाब लागले, यातलं पहिलं काही दिसताच औषध बंद. तेव्हा मात्रा रोग्याच्या अंगावर वाचावी लागे.

इतवारीतून: तर टिपणात ‘एकवेळची मात्रा’, ‘दिवसाची मात्रा’ असं लिहा, म्हणजे गोंधळ नाही. ओव्हरडोसला ‘अतिमात्रा’ चालेल. आणि ‘औषध मेडिकलमधून घ्या’ लिहू नका. आपल्या नागपुरात सरकारी दवाखान्यालाही ‘मेडिकल’च म्हणतात; अर्धी पोरं दुकानात जातील, अर्धी तिकडे!