मदत हवी आहे: ईटिंग डिसऑर्डर जनजागृती वॉक (सोलापूर), स्वयंसेवकांना काय काय सांगावं?

नमस्कार मंडळी,

2 जून हा ईटिंग डिसऑर्डरच्या (म्हणजे खाण्याशी निगडित मानसिक आजारांच्या) जनजागृतीचा जागतिक दिवस. त्याच्या आसपासच्या रविवारी सोलापुरात आम्ही एक वॉक ठेवतोय. पार्क चौकातून निघायचं आणि किल्ल्याच्या कडेने सिद्धेश्वर तलावापर्यंत जायचं. जमणारा निधी ज्यांना उपचार परवडत नाहीत त्यांच्या समुपदेशनाच्या आणि आहारतज्ज्ञाच्या फीसाठी जाईल. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे, म्हणून सकाळी सहालाच सुरुवात. परवानगी, पाणी, ओआरएस, रुग्णवाहिका हे सगळं मार्गी लागलंय. स्वयंसेवकांचं काम माझ्याकडे आहे आणि खरी अडचण तिथेच आहे.

वॉक म्हटलं की लोकांना तो वजन कमी करण्यासाठीच वाटतो. एक जिमवाले टी-शर्टचा खर्च द्यायला तयार आहेत, पण त्यांना शेवटी वजनकाटा मांडून मोफत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते) तपासायचाय, शिवाय 'आज किती कॅलरी जाळल्या' असा फलक लावायचाय. ज्या मुलीचा अख्खा दिवस काट्यावरच्या आकड्यावर ठरतो, तिच्यासमोर आपणच काटा मांडायचा? मला हे अजिबात मान्य नाही. पण पैसे हातचे न जाऊ देता त्यांना कसं सांगावं? काट्याऐवजी दुसरं काय सुचवता येईल?

मी यात पडले ती भाचीमुळे (तिला विचारूनच लिहितेय). कडक भाकरीचे नखाएवढे तुकडे करून ती ताटाच्या कडेला लावत बसायची, सगळ्यांची जेवणं उरकली तरी तुकडे तसेच. आधी सोमवार, मग गुरुवार, मग संकष्टी. घरात कौतुकच होतं, पोर किती श्रद्धाळू म्हणून. लग्नात भेटणारी प्रत्येक मावशी 'बारीक झालीस गं, छान दिसतेस' म्हणायची. पाळी बंद झाली तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. निदान ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणंच तोडत जाण्याचा आजार.

म्हणून स्वयंसेवकांना इतकं तरी कळावं असं वाटतं की हे खाण्याचे नखरे नाहीत, आजार आहे. तो मुलग्यांनाही होतो. बुलिमियात (एकदम खूप खाऊन मग ते उलटी वगैरे करून काढून टाकण्याच्या आजारात) वजन बऱ्याचदा नेहमीसारखंच असतं, पण वारंवार उलट्या काढल्याने दातांचं एनॅमल झिजतं आणि पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे नुसतं बघून कुणाचाही अंदाज बांधायचा नाही. टी-शर्टचे साइझ ओरडून विचारायचे नाहीत, गठ्ठे मांडून ठेवायचे, ज्याने त्याने उचलावा. नाश्त्याला चहा आणि सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ) आहे. 'एवढंच?' किंवा 'अजून घे की' असं कुणीही म्हणायचं नाही. 'आधी-नंतर'चे फोटो तर नकोतच. यात काही राहिलं असेल तर जरूर सांगा.

सगळ्यात जास्त काळजी एका गोष्टीची आहे. अति व्यायाम हाही या आजाराचाच भाग असू शकतो. भाचीला चालायचंय, डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही, म्हणून तिला नोंदणीच्या टेबलावर बसवतेय. तिची समजूत निघाली. पण अशी आणखी कुणी आली, चेहरा उतरलेला असूनही थांबायला तयार नसली, तर चारचौघांत तिला न दुखावता कसं थांबवायचं? ज्यांच्या घरात हा आजार होता किंवा जे स्वतः यातून गेलेत, त्यांनी कृपया लिहा. कुठलं वाक्य ऐकून बरं वाटलं आणि कुठलं लागलं, तेही सांगा.

दुसरं, एखादी आई टेबलापाशी येऊन 'आमची जेवतच नाही हो' म्हणाली तर स्वयंसेवकाने किती बोलावं? सल्ला द्यायचा नाही, ऐकून घ्यायचं, आमच्यासोबतच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं आणि टेलि-मानसचा (सरकारच्या मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) 14416 हा नंबर द्यायचा, असं ठरवलंय. चक्कर येते, छातीत धडधडतं असं कळलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. एवढं पुरेल का?

फलक मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये हवेत. पूर्व भागातल्या कुणाला घरात बोलतात तशा तेलुगूत दोन ओळी देता आल्या तर फार बरं होईल. कन्नडसाठीही कुणी असेल तर सांगा. फक्त 'जाड', 'बारीक', 'वजन' हे शब्द नकोत.

छपाईला पुढच्या शुक्रवारी द्यायचंय, त्याआधी कळवाल का?