फ्रेंच चित्रपटांचा शेवट अधांतरी का असतो?

प्रश्न (परभणी): छत्रपती संभाजीनगरच्या महोत्सवात अलीकडचे काही फ्रेंच चित्रपट पाहिले. संवाद भरपूर, पार्श्वसंगीत जेमतेम आणि शेवट अधांतरी. हे मुद्दाम केलेले असते काय?

उत्तर (लातूर): बहुधा मुद्दामच. ज्युस्तीन त्रिये यांच्या ज्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ला २०२३ मध्ये कान महोत्सवाचे पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, त्यात पतीच्या खुनाचा आरोप असलेल्या नायिकेच्या खटल्यात न्यायालय निकाल देते, पण पती नेमका कसा पडला हे दिग्दर्शिका अखेरपर्यंत सांगत नाहीत, आणि मला तरी तेच त्या चित्रपटाचे बळ वाटते.

उत्तर (नांदेड): पैशाची व्यवस्थाही पाहावी. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर घेतला जातो (हॉलिवूडपटांच्याही!) आणि त्यातून देशी निर्मितीला साहाय्य मिळते, म्हणून असे धाडस परवडते.

प्रश्नकर्ता: पटले, तरीही संवादांचा मारा मला जडच गेला.