मदत हवी आहे: जुन्या बोलेरो पिकअपला कारच्या सीट कशा बसवाव्यात?

संत्रा_ट्रान्सपोर्ट
गाडी 2013 ची, एमएच-40 (नागपूर ग्रामीण) पासिंग, आरसीवर 3 सीट. ड्रायव्हर सीटची फ्रेम रेलजवळ (सीट जिच्यावर मागेपुढे सरकते ती पट्टी) तडकली आहे. वेल्डिंग करूनही सीट दाराकडे कलते. नागपूरजवळ वाडीला भंगारात एका ठोकलेल्या कारच्या पुढच्या दोन सीट मिळून राहिल्या, पण भोकं जुळत नाहीत. मिस्त्री म्हणतो, पट्टी मारून सरळ फ्लोअरला वेल्ड करून टाकू. करू द्यावं का? डावीकडची दोघांची सलग सीट काढून तिथेही एकच लावली तर?

हिंगणा_फॅब्रिकेशन
फ्लोअरला वेल्ड नको भाऊ. केबिनचा पत्रा पातळ, वेल्डच्या कडेने जळतो आणि खड्ड्यांत तिथूनच फाटतो. ब्रॅकेट वेगळं बनवा: 40 × 5 मिमीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी. ती जुन्याच चार भोकांवर बोल्टने बसेल आणि नवी सीट त्या पट्टीवर. वेल्डिंग गाडीबाहेर, टेबलावर.

नवीन भोक पाडावंच लागलं तर आधी खाली वाकून पाहा, ब्रेक पाइप आणि वायरिंग कुठून गेलं आहे ते. भोकाखाली 75 × 75 × 3 मिमीची प्लेट द्या, नुसता वायसर पत्र्यातून ओढला जातो. बोल्ट एम10 (10 मिमी जाडीचा), डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा कोरलेलाच. उंची वाढवायला वायसरची चळत लावतात, तसं करू नका, बोल्ट वाकतो.

मॅट उचलून गंजही बघून घ्या. पत्र्याला वेल्ड केलेला जुना नट बोल्टसोबत फिरू लागला तर जोर लावू नका. ग्राइंडरने डोकं कापा आणि त्या जागी खालून प्लेट.

रेल_आणि_रिक्लायनर
खरी गडबड रेलमध्ये होते. चारही पाय एका पातळीत नसले की रेल पिळते, सीट अडकते किंवा एकाच बाजूचा लॉक बसतो. मग जोरात ब्रेक मारला की सीट पुढे सरकते.

चारही बोल्ट आधी हातानेच लावा. सीट पूर्ण पुढे ओढून मागचे दोन कसा, मग पूर्ण मागे ढकलून पुढचे दोन. टॉर्क (कसण्याचा जोर) 40-45 न्यूटन-मीटर. शेवटी सीटवर बसून मागेपुढे हिसका द्या. दोन्ही लॉक बसल्याचा खट्ट आवाज आला पाहिजे.

सीट ठोकलेल्या गाडीची आहे, म्हणून पैसे देण्याआधी दोन रेलमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा. फरक निघाला तर फ्रेम वाकलेली आहे, सोडून द्या. पाठीच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी किंवा खाली त्याच्या वायरचा पिवळा कनेक्टर दिसला तरी नको.

बेल्ट_आधी
सीट बेल्ट ज्यात अडकवतो ते बकल कुठे आहे ते कोणीच विचारलं नाही! बऱ्याच कारमध्ये ते सीटच्या फ्रेमला असतं, म्हणजे धडकेत बेल्टचा सगळा ताण तुमच्या त्या पट्टीवर येणार. पिकअपचं जुनं बकल फ्लोअरच्या मूळ जागीच ठेवा. तिथला बोल्ट बहुधा 7/16 इंची, बारीक आट्यांचा असतो. एम10 किंवा एम12 ठोकलात तर आटे गेले.

आरटीओ_फाइल
सीट वाढवल्या तरच अडचण, असं लोकांना वाटतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या नोंदीपासून झालेल्या कुठल्याही बदलाबद्दल आहे. तीनच्या दोन केल्या तरी नोंद जुळत नाही, आणि 8 वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी लागतं, तिथे हा फरक दिसणार. डावीकडची सीट आहे तशी राहू द्या.

संत्रा_ट्रान्सपोर्ट
म्हणजे फक्त ड्रायव्हरची. उंची किती ठेवू?

रेल_आणि_रिक्लायनर
क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहावा, डोक्यावर चार बोटं जागा हवी. पुढची कड मागच्यापेक्षा 20-25 मिमी वर. कारच्या सीटची पाठ जाड असते, केबिनच्या मागच्या भिंतीला टेकते का तेही पाहा. आणि उजवीकडचीच सीट घ्या. डावीची लावली तर पाठीचा लिव्हर हँडब्रेकच्या बाजूला येतो.

हिंगणा_फॅब्रिकेशन
कव्हर बदलणार असाल तर मधला भाग कापडाचा करा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतल्या रेग्झिनवर बसवत नाही बाप्पा.