फॅमिली डॉक्टरला सहवेदना शिकवून येते का?

दवबिंदू: फॅमिली डॉक्टर तयार करताना पेशंटचं ऐकून कसं घ्यायचं यालाही मार्क असावेत, आणि त्यात नापास झालेल्याला पुढे सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंट भेटींची रेकॉर्डिंग्ज तपासली. पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच तोडलं होतं. उलट २००२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका ओपीडीत पेशंटना बोलू दिलं, तर ते सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. दीड मिनिट हो फक्त!

खडूस: मार्क लावा आणि नाटक बघा. मी अशा परीक्षांना खोटा पेशंट होऊन बसतो. मागच्या वेळी सकाळपासून अकरा जणांनी मला "तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकतो" हेच ऐकवलं. एकाची नजर तर भिंतीवरच्या घड्याळावर होती. माझ्या कागदावर 'भावनेची दखल घेतली' असा रकाना. वाक्य म्हटलं होतं, टिक करावी लागली. मला गोड बोलणारा नको, निदान न चुकणारा हवा.

दवबिंदू: हात धुवायची तरी कुणाला उपजत ओढ असते? सवयच लावतात ना? आणि अर्धं निदान पेशंटच्या बोलण्यातच असतं. कितीतरी जण मुख्य गोष्ट उठून दाराशी गेल्यावर सांगतात. "बाकी काही नाही, पण छातीत जरा..." त्याला परत बसवणं हे शिकवता येतं.

रात्रपाळी: मी सध्या हेच शिकतेय, म्हणून लिहिते. दोघंही एक धरून चालला आहात, की आम्ही कोरडे येतो आणि मग कुणीतरी ओलावा घालायचा. फिलाडेल्फियातल्या जेफरसन मेडिकल कॉलेजचा २००९ चा अभ्यास आहे. तिथे विद्यार्थ्यांची सहवेदना तिसऱ्या वर्षी घसरलेली दिसली, म्हणजे खरे पेशंट समोर येतात तेव्हाच! आमचे सीनियर "सात नंबरचं पोट बघून ये" म्हणतात. मलाही सात नंबरचं नाव आठवेनासं झालं. एका रात्री मी एका बाईंना त्यांच्या नवऱ्याचा रिपोर्ट उभ्या उभ्या सांगितला, दातांत पेन धरून, ग्लोव्ह ओढून काढत. संवादकौशल्यात मला त्याआधीच उत्तम शेरा मिळाला होता.

खडूस: हे पटलं. मग उपाय काय? झोप?

रात्रपाळी: झोप तर आहेच. शिवाय १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बाळिंट नावाच्या मनोविश्लेषकाने फॅमिली डॉक्टरांचे गट सुरू केले. डोक्यातून न जाणारा एखादा पेशंट घेऊन यायचं आणि बाकीच्यांसमोर बोलायचं. 'हा माणूस दारात दिसला की माझ्या कपाळावर आठी का येते?' असलेही प्रश्न. फॅमिली डॉक्टरकडे तोच माणूस वर्षानुवर्षं येणार, त्यामुळे ती आठी महागात पडते. तिथे मार्क वगैरे नाहीत.

खडूस: मार्क नाहीत तर चालेल. दवबिंदू, तुमचा मुद्दा गेला.

दवबिंदू: गेला नाही. गटाला हजेरी सक्तीची करा.

खडूस: हजेरी आली की सही आली. सही आली की प्रॉक्सी आली.