जुना ट्यूबचा टीव्ही, बजेट दोन हजार : नवा लोकल डीव्हीडी प्लेयर, जुना कंपनीचा, की काहीच नको?

गोदाकाठ (नांदेड)

ट्यूबचा २१ इंची टीव्ही अजून धडधाकट आहे आणि कपाटात कीर्तनाच्या व्हीसीडी, लग्नाच्या डीव्हीडी पडून आहेत, अशांसाठी हा धागा. माझं मत आधी मांडतो, मग खुशाल फाडा : नवा, साधा, लोकल प्लेयर घ्यावा. नाव बघू नये, पाठ बघावी.

पाठ म्हणजे टीव्हीची आणि प्लेयरची, दोघांचीही. टीव्हीला पिवळं-पांढरं (किंवा जोडीला लाल) भोक, म्हणजे एव्ही, असेल तर प्लेयरलाही तेच हवं. दुकानदार एचडीएमआयचं कौतुक सांगेल, ट्यूबच्या टीव्हीला त्याचा काडीचा उपयोग नाही. नुसतं एचडीएमआय असलेला प्लेयर गळ्यात पडला तर वर कन्व्हर्टर घ्या, त्याला ५ व्होल्टचा चार्जर लावा, आणि स्वस्ताई तिथंच संपली. त्यात कन्व्हर्टरची डबी दोन जातीची येते, एचडीएमआयचं एव्ही करणारी आणि एव्हीचं एचडीएमआय करणारी. दिसायला सारख्या, पण उलटी चालत नाहीत. डबीवर कुठल्या बाजूला इनपुट छापलंय ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात जाताना तीन डिस्क सोबत न्या : एक व्हीसीडी, एक छापील डीव्हीडी आणि एक लग्नाची, म्हणजे स्टुडिओवाल्याने राइट केलेली. लग्नाची डिस्क 'श्री गणेशाय नमः' पाशी सोडून देऊ नका, थेट पाठवणीवर न्या. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि तिचा डुगडुगाट कडेला सगळ्यात जास्त असतो. कमजोर लेन्स हळद-साखरपुडा नीट दाखवते, पाठवणीला अडकते.

सोल्डरवाला (परभणी)

पाठीचं मान्य. नवा लोकल घ्या, हे मान्य नाही.

लोकल प्लेयरचं झाकण उघडून बघा. आत पॉवर सप्लायची हाताच्या पंजाएवढी पट्टी असते. त्यात खर्च वाचवायला लाइन फिल्टर गाळलेला, एमओव्ही (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा भाग) गाळलेला, कधी फ्यूजच्या जागी नुसता एक रेझिस्टर. बाहेर मात्र '९० ते २६० व्होल्ट' छापलेलं. आपल्याकडे कृषिपंपांचा लोड आला की व्होल्टेज बसतं, लोड सुटला की उसळतं. बसल्याचं फारसं काही नाही, एसएमपीएस, म्हणजे हाच पॉवर सप्लाय, ते सांभाळून घेतो. मारतं ते उसळणं. आणि डीपीवर न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ३०० ते ४०० व्होल्टसुद्धा येतात. एमओव्ही आणि खरा फ्यूज असला तर दोघं मरतात, बोर्ड वाचतो. नसले तर बोर्डच जातो.

म्हणून माझा सल्ला : साधारण २००६ ते २०१० या काळातला नावाजलेल्या कंपनीचा जुना प्लेयर, वर नवी लेन्स. आतली यंत्रणा, म्हणजे डिस्क फिरवणारी स्पिंडल मोटर, लेन्स सरकवणारा स्लेड, ट्रेचे गिअर, त्या काळी बरी देत होते. लेन्स बहुतेकांत केएचएम-३१३ नाहीतर एसएफ-एचडी६२ जातीची असते आणि अजून मिळते.

नवी लेन्स बसवताना एक चूक हमखास होते. स्टॅटिकने लेझर जळू नये म्हणून कारखान्यातून लेन्सच्या छोट्या पट्टीवर दोन टोकं सोल्डरच्या थेंबाने जोडलेली असतात. आधी रिबन कनेक्टरमध्ये बसवायची, मग तो थेंब सोल्डरिंगच्या इस्त्रीने काढायचा. उलटं केलं तर लेन्स हातातल्या हातात मरू शकते. थेंब काढायचाच राहिला तर लेझर पेटत नाही आणि स्क्रीनवर 'नो डिस्क'. मग लोक म्हणतात, लेन्स डुप्लिकेट निघाली.

पैठणगेट (छ. संभाजीनगर)

सोल्डरवाला दादा, तुमच्या हातात इस्त्री आहे म्हणून तुम्हाला जुना परवडतो. साध्या गिऱ्हाइकाला जुना विकणारा कसा फसवतो तेही लिहा की.

सीडी आणि डीव्हीडीचे लेझर वेगळे : सीडीला ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीला ६५०. विकणारा व्हीसीडी नाहीतर एमपी३ लावून दाखवतो, गाणं वाजतं, गिऱ्हाईक खूश. डीव्हीडीचा लेझर केव्हाच गेलेला असतो. दुसरी युक्ती म्हणजे लेन्सवरचा बारका प्रीसेट पिळून लेझरचा करंट वाढवायचा. मरायला टेकलेली लेन्स त्याने दोन-तीन महिने पळते आणि मग कायमची बसते. प्रीसेटच्या खाचेवर पेचकसाचे ताजे ओरखडे दिसले की समजा.

आणि रिमोट! जुन्या प्लेयरसोबत मूळ रिमोट नसेल तर फुकट मिळाला तरी नको. का ते खाली सांगतो.

गोलाईकर (लातूर)

दोघंबी कामून भांडू लालाव? डिस्क वाजवायचं यंत्रच कशाला पायजे?

घरात फ्री डिशचा डबा हाय ना? त्याला मागं एव्ही हाय, पुढं बहुतेकात यूएसबी हाय. डिस्क एकदा कॉम्प्युटरवर उतरवा, पेनड्राइव्हवर टाका, डब्याला लावा. झालं. एक थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हंजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर भरगच्च सहा बसतात. व्हीसीडी तर जेमतेम ७०० एमबीची. लेन्स न्हाई, बेल्ट न्हाई, धूळ न्हाई.

उतरवायला अवघड काय न्हाई. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतंय, त्यातली डीएटी फाइल घ्या आन् शेवटचं डीएटी काढून एमपीजी लिहा. लग्नाच्या डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस फोल्डर, त्यात एकेक जीबीच्या व्हीओबी फायली, त्यांचंबी तसंच. पेनड्राइव्ह फॅट३२ मधी फॉरमॅट करा. दुकानातून डिस्कचं यंत्र आणून ते सांभाळत बसण्यात राम न्हाई. जिनिंगच्या गावात कापसाची तूस लेन्सवर बसती, मंग हाय रोजचं पुसणं.

गोदाकाठ (नांदेड)

गोलाईकर, उतरवायचं कशावर? आताच्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. बाहेरून यूएसबीचा घ्यायचा तर साध्या प्लेयरच्या आसपासच पैसे जातात. शिवाय सगळे डबे सगळ्या फायली घेत नाहीत, काहींवर चित्र येतं, आवाज येत नाही. आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला डिस्क घालून प्ले दाबता येतं, त्याला फोल्डरमधून 'व्हीटीएस_०१_३' शोधायला लावणार का?

गोलाईकर (लातूर)

नाव बदला की मंग! 'शांतूचं लगीन १' असं लिवा. आन् ड्राइव्ह एकदाच लागतोय, कोणाचाबी मागून आणा. त्या राइट केलेल्या डिस्कमधी रंगाचा थर असतोय, उन्हानं, उष्णतेनं तो उडतोय. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे काढलेली डिस्क आज वाचली तर वाचली. प्लेयर चांगला असला म्हणून मेलेली डिस्क जित्ती होती का?

पैठणगेट (छ. संभाजीनगर)

कॉपी आधी करा, हे शंभर टक्के बरोबर. लग्नाच्या डिस्कची दुसरी प्रत नसेल तर प्लेयरच्या आधी तेच काम.

पण प्लेयर लागतोच असं माझं मत, आणि यूएसबीवाला. फक्त त्या यूएसबीवर भरोसा किती ठेवायचा ते नीट समजून घ्या. साध्या प्लेयरमधली चिप एमपीईजी-१, एमपीईजी-२ आणि डिवेक्स-एक्सव्हिड एवढीच जुनी व्हिडिओची रूपं उलगडते, तेही ७२० बाय ५७६ पर्यंत. मोबाइलने काढलेला व्हिडिओ एच२६४ नाहीतर एच२६५ चा असतो, तो तिला झेपत नाही. बारशाचा व्हिडिओ दिसत नाही म्हणून प्लेयर बदलून आणू नका, दुसराही तेच करेल. व्हिडिओ एव्हीआय-एक्सव्हिडमध्ये बदलून घ्या : ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज एमपी३. बदलताना क्यूपेल आणि जीएमसी हे दोन पर्याय बंद ठेवा, ते चालू राहिले की चित्र हिसके देतं.

तुरीचं वरण (बीड)

मधेच विचारतो. प्लेयर नवा आणला, चित्र येतं पण काळं-पांढरं. टीव्हीवर फ्री डिश रंगीत दिसते. बिघाड कोणाचा?

सोल्डरवाला (परभणी)

बहुतेक कोणाचाच नाही. तीन ठिकाणं बघा.

पहिलं, पिवळी पिन हिरव्या भोकात तर नाही? प्लेयरच्या मागे हिरवं-निळं-लाल असा कंपोनंटचा वेगळा गट असतो. हिरव्यातून नुसता उजेड-अंधार आणि सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल) येतो, रंग उरलेल्या दोन तारांत राहतो. म्हणून चित्र स्थिर पण बेरंग. पिन पिवळ्यात घाला, झालं.

दुसरं, सेटअपमध्ये टीव्ही टाइप. आपला टीव्ही पॅल पद्धतीचा, ६२५ रेघा, ५० हर्ट्झ. प्लेयर एनटीएससीवर (अमेरिकी पद्धतीवर) असेल तर रंगाची वारंवारता ४.४३ ऐवजी ३.५८ मेगाहर्ट्झ होते आणि निव्वळ पॅल टीव्हीला ती कळत नाही. चित्र बेरंग होतं, फार जुन्या सेटवर वरखाली पळतंही. 'ऑटो' किंवा 'मल्टी'वरही ठेवू नका, कारण मग एनटीएससी डिस्क तशीच्या तशी पुढे जाते. सरळ 'पॅल' निवडा, चिप बदल करून देते.

तिसरं, फ्री डिश दिसते ती एव्हीतून की अँटेनाच्या पिनेतून? अँटेनातून असेल तर टीव्हीचं एव्ही इनपुटच तपासायचं राहिलंय. डब्याची एव्ही वायर तिथं लावून बघा, लगेच कळेल.

तुरीचं वरण (बीड)

पिन हिरव्यातच होती. रंग आला. आता गाणी मोठ्याने आणि बोलणं एकदम बारीक येतंय, त्याचं काय?

पैठणगेट (छ. संभाजीनगर)

तुमच्या प्लेयरला आवाजाची सहा भोकं असणार. सेटअपमध्ये तो ५.१ वर, म्हणजे सहा स्पीकरच्या आवाजावर आहे. पिक्चरमधली माणसं बोलतात ती मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलवर, आणि त्या भोकात तुम्ही काही लावलेलं नाही. सेटअप, स्पीकर किंवा ऑडिओ, डाउनमिक्स : 'स्टिरिओ' करा. बोलणं दोन्ही बाजूंत मिसळून येईल.

टीव्हीला नुसतं पांढरं भोक असेल तर उजवी बाजू तरीही गायबच राहते. व्हीसीडीवर रिमोटचं ऑडिओ बटण दाबून 'मोनो' करता येतं. डीव्हीडीला दोन्ही तारा एकात आणाव्या लागतात. नुसत्या पिळून जोडू नका, दोन्हींत एकेक किलो-ओहमचा रेझिस्टर घालून जोडा, म्हणजे एक आउटपुट दुसऱ्याला ओढणार नाही.

आता रिमोटचं. हात चुकून 'पी-स्कॅन' नाहीतर 'व्ही-मोड' दाबलं गेलं की प्लेयर प्रोग्रेसिव्ह (ट्यूबच्या टीव्हीला न झेपणारं) चित्र पाठवायला लागतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये पिवळ्या भोकातलं चित्र बंदच होतं. स्क्रीन काळी, आवाज चालू. डिस्क बाहेर काढायची आणि तेच बटण दोन-तीन सेकंद थांबत थांबत दाबत जायचं, लोगो दिसेपर्यंत. हे बटण समोरच्या पट्टीवर नसतं. बाजारातल्या 'सगळ्याला चालणाऱ्या' रिमोटवरही बऱ्याचदा नसतं. रिमोट हरवलेला चांगला प्लेयर असाच भंगारात जातो.

माणसं उंच, बारीक दिसत असतील तर स्क्रीन १६:९ वर आहे. ४:३ लेटरबॉक्स करा. वर-खाली काळी पट्टी येईल, येऊ द्या.

जोंधळा (धाराशिव)

ज्या टीव्हीला एव्हीच नाही, फक्त अँटेनाची पिन, त्याचं कोणी बोललं नाही.

सोल्डरवाला (परभणी)

आरएफ मॉड्युलेटर लागतो. एव्ही आत, अँटेना बाहेर, आणि टीव्ही त्याच्या चॅनलवर ट्यून करायचा. घेताना पॅल बी/जी बघा. आवाजाची वारंवारता जुळली नाही तर चित्र येतं आणि मागे नुसती खरखर. घरात जुना व्हीसीआर आहे म्हणून त्याच्यातून डीव्हीडी नेऊ नका. छापील डिस्कवर कॉपी अडवणारा मॅक्रोव्हिजन सिग्नल असतो. व्हीसीआरमधून गेला की चित्र उजळतं, काळवंडतं, परत उजळतं. प्लेयर बिघडलेला नसतो.

गोदाकाठ (नांदेड)

पॉवर सप्लायबद्दल सोल्डरवाल्यांचं ऐकून अर्धं पाऊल मागे घेतो. नवाच घ्या, पण टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर लावा आणि काम झालं की बटणावर नाही, सॉकेटवर बंद करा. स्टँडबायमध्ये एसएमपीएस चालूच असतो.

सोल्डरवाला (परभणी)

तेवढं केलं तर नवाही टिकेल, कबूल. पण वर्षा-दोन वर्षांत लाल दिवा लुकलुकायला लागला, ट्रे अर्धा येऊन थांबला, तर कोणी 'लेन्स गेली' म्हणाल्यावर पैसे देऊ नका. आधी आउटपुटचा कंडेन्सर बघा, १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट. टोपी फुगलेली असते आणि ५ व्होल्टची लाइन साडेचारच्या खाली आलेली. त्याच जागी १६ व्होल्टचा, १०५ डिग्रीचा घाला. हात घालण्याआधी प्लग काढा आणि मोठा ४०० व्होल्टचा कंडेन्सर बल्बवर रिकामा करा, त्यात सव्वातीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात.

दिवा स्थिर, मोटरचा आवाज येतो आणि ट्रे हलत नाही, तर बेल्ट. आपल्या उन्हाने रबर कडक होतं. थोडक्या पैशांचं काम.

गोलाईकर (लातूर)

कंडेन्सर, बेल्ट, लेन्स, रिमोट. आन् माझा पेनड्राइव्ह खिशात.

गोदाकाठ (नांदेड)

खिशातला पेनड्राइव्ह धोतरासंगं धुतला गेला की या मग डिस्क मागायला.

गोलाईकर (लातूर)

दोन ठेवलेत की. एक देव्हाऱ्यात हाय.