मदत हवी आहे: मांद्र्यात गॅरेजचं मोटरवालं शटर वादळाला आणि लाईट जाण्याला कसं तयार करावं?

उत्तरपेडणे

घर मांद्र्यात, किनाऱ्यापासून साधारण एक किलोमीटरवर. गॅरेजचं तोंड नैऋत्येला, समोर शेत, आडोसा काहीच नाही. बांधकाम चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), वर आरसीसी लिंटेल (दारा-खिडकीवरची आडवी तुळई). शटर १२ फूट रुंद, ८ फूट उंच, २० गेज जीआय पट्ट्यांचं. पाइपवर स्प्रिंगा आणि सेंट्रल मोटर, पाटीवर ४०० वॅट लिहिलंय. गाइड (ज्यातून पट्ट्या वर-खाली सरकतात त्या बाजूच्या खाचा) ६५ मिमीचे, थेट चिऱ्यात फास्टनर मारून बसवलेले. दुसरं दार नाही, मागच्या भिंतीला ३ फुटी खिडकी आहे.

१. वाऱ्यात शटर मधोमध फुगतं आणि कडकड वाजतं. फॅब्रिकेटर म्हणतो १८ गेजच्या, म्हणजे आणखी जाड पट्ट्या घाला. दुसरा म्हणतो विंड लॉक. कोणाचं ऐकावं?
२. लाईट गेली की रिलीज वायर ओढून उघडता येतं, पण ती आत आहे. आपण बाहेर असलो तर काय?
३. घरात ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आहे. त्यावर मोटर चालेल का?

नवीन शटरचं बजेट नाही. जूनच्या आत काम उरकायचं आहे.

चिरेबंदी

आधी वाऱ्याचं. आयएस ८७५ भाग ३ मध्ये (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) पणजीसाठी मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरलाय. दाब काढायचा तर ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन, साधारण ९३ किलो. तुमचं शटर ८.९ चौरस मीटर. एकूण भार ८३० किलोच्या आसपास, त्यातला अर्धा अर्धा प्रत्येक गाइडवर. हा हिशोब उघड्या जागेचा आहे आणि तुमची जागा उघडीच आहे.

आता शटर जातं कुठून ते बघा. पट्टी सहसा मोडत नाही, ती गाइडमधून निसटते. पट्टी मधे फुगली की तिची टोकं आत खेचली जातात. १२ फुटाच्या गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) मधोमध १५ सेंमी फुगवटा आला तर दोन्ही टोकं मिळून १६ मिमी आत येतात. ३० सेंमी आला तर ६६ मिमी. फुगवटा दुप्पट, खेच चौपट. त्यात शटर एका बाजूला सरकलेलं असेल तर ती सगळी खेच एकाच टोकातून निघते, आणि ६५ मिमीच्या गाइडमध्ये पट्टी मुळात पूर्ण खोल गेलेली नसते. एक टोक सुटलं की वरच्या-खालच्या पट्ट्या त्याच्यामागून सुटतात.

१८ गेजने फुगवटा थोडा कमी होईल. पण वजन वाढेल, स्प्रिंगांचा तोल जाईल, मोटरवर ताण येईल. फॅब्रिकेटरचं उत्तर अर्धवट आहे.

विंड लॉक म्हणजे पट्टीच्या टोकाला बसणारा हूक, जो गाइडच्या आतल्या ओठाला अडकतो. साध्या यू गाइडमध्ये तो अडकणारच नाही, गाइडही बदलावे लागतात. टोकाला आत्ता जी लहान क्लिप असेल ती विंड लॉक नव्हे, ती फक्त पट्टीला आडवं सरकू देत नाही. आणि विंड लॉक लावला की पट्टी दोरीसारखी ताणली जाते. वर हिशोबात धरलेल्याच वाऱ्यात, १५ ते ३० सेंमी फुगवट्याला, गाइडच्या दर मीटर उंचीला अर्धा ते एक टन ओढ येते. चिऱ्यात ठोकलेले फास्टनर ती ओढ घेत नाहीत. फास्टनर फुगून पकड घेतो, आणि चिरा त्या फुगण्यालाच भुसभुशीत होऊन सुटतो. त्यामुळे आरसीसी खांब नसताना विंड लॉक लावू नका. शटर राहील आणि गाइड भिंतीसकट येतील.

तुमच्यासाठी मधला काढता-घालता खांब बरा. १०० x ५० मिमी, ३ मिमी जाडीचा एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप, १०० ची बाजू वाऱ्याच्या दिशेने. खाली फरशीत काँक्रीटमध्ये १५० मिमी खोल सॉकेट (खांब बसायची खोबण), वर झाकण, तळाला पाणी निघायला भोक. वर लिंटेलला १२ मिमीच्या दोन फास्टनरनी ब्रॅकेट (आरसीसीत फास्टनर चालतो). प्रत्येक टोकावर अडीचशे किलोपर्यंत भार येईल असं धरा. शटर खाली आल्यावर आतून खांब घालायचा, पट्ट्यांपासून १० मिमी अंतर ठेवून. गाळा ६ फुटांचा झाला की फुगवट्याचा प्रश्न बराचसा मिटतो.

गाइडचे फास्टनर मात्र आताच बदला. भिंतीतून आरपार १२ मिमीचे बोल्ट, पलीकडे १०० x १०० x ६ मिमी प्लेट, दर ४५० मिमीला एक. जिथे आरपार जाता येत नाही तिथे जाळीच्या स्लीव्हसह केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून घट्ट केलेला बोल्ट). भोकातली धूळ फुंकून आणि ब्रशने पूर्ण काढल्याशिवाय केमिकल भरू देऊ नका, घाईत नेमकं तेच राहतं.

फेज न्यूट्रल

तिसऱ्याचं उत्तर: ९०० व्हीएवर नको. ४०० वॅटची मोटर चालताना ५५०-६०० व्हीए घेते, पण सुरू होताना क्षणभर तीन ते पाच पट. इन्व्हर्टर ओव्हरलोडला जाईल. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, म्हणजे घरच्या विजेसारखा गुळगुळीत प्रवाह देत नसेल, तर मोटर गुरगुरेल आणि तापेल. २ केव्हीएचा, २४ व्होल्टचा, शुद्ध साइन वेव्ह हवा. बॅटरीची काळजी करू नका. शटर वर जायला अर्धं मिनिट लागलं तरी साडेतीन वॅट-अवरच्या आत काम होतं, १५० एएचच्या एका बॅटरीत १८०० आहेत. पैसे जातात ते सुरुवातीच्या झटक्यासाठी. केवळ शटरकरता एवढा खर्च मला पटत नाही, रिलीज वायर नीट असली की पुरे.

ती नीट आहे का ते असं बघा. शटर पूर्ण खाली, एमसीबी (बोर्डातला मोटरचा ब्रेकर) बंद, वायर ओढून शटर हाताने अर्ध्यावर आणा. जागेवर थांबलं किंवा सावकाश सरकलं तर स्प्रिंगा ठीक. धाडकन यायला लागलं तर ताण उतरलाय, मेकॅनिकला बोलवा. स्प्रिंगांना स्वतः हात लावू नका, त्यातला ताण हाड मोडण्याइतका असतो. खाली कोणी उभं राहू नये आणि चाचणीला दोघं हवेत. शेवटी वायर पूर्ण सैल झालीय ना ते पाहा. ती अडकून राहिली तर ब्रेक लागत नाही आणि नंतर शटर आपोआप घसरतं.

वादळाचा इशारा आला की शटर खाली घेऊन एमसीबी पाडा. वीज खात्याच्या लाइनवर फांद्या घासत असतात तेव्हा व्होल्टेज १७० वर येतं, मोटर उचलत नाही, नुसती तापते. मेकॅनिझममध्ये थर्मल कट (मोटर तापली की बंद करणारा स्विच) असतो, तो पडला की १५-२० मिनिटं थांबावं लागतं, बटण दाबत बसून उपयोग नाही. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटासाठी बोर्डात टाइप २ एसपीडी घाला, म्हणजे सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) जमिनीत सोडणारं उपकरण. एमसीबी सर्ज अडवत नाही. चांगल्या अर्थिंगशिवाय एसपीडीही नावालाच, आणि चिऱ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग कमजोर असतं. मोजून घ्या.

जनरेटर गॅरेजमध्ये चालवू नका, शटर अर्धं उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उत्तरपेडणे

दोघांचे आभार. पण एक अडचण. खांब आतून घालायचा, दुसरं दार नाही, मग खांब घालणारा बाहेर कसा येणार? बाहेरच्या भिंतीत कुलपाची पेटी करून रिलीज वायर तिथे काढली तर निदान दुसरा प्रश्न सुटेल का?

चिरेबंदी

बरोबर पकडलंत. पेटीने फक्त दुसराच प्रश्न सुटेल, तोही पेटी फोडली की कोणालाही सुटेल. त्यापेक्षा मागच्या खिडकीचंच दार करा. वर लिंटेल आहेच, खिडकीखालचे चिरे काढायचे, चौकट बसवायची, ३ फूट रुंदी पुरेशी. मग खांब घालून मागून बाहेर या, लाईट गेली तर मागून आत जाऊन वायर ओढा. वादळात ते दार घट्ट बंद हवं. उघडं राहिलं तर आतला दाब बदलतो आणि शटरवरचा भार वाढतो.

खांब फक्त आत येणारा दाब घेतो. वारा फिरला की शटर बाहेर ओढलं जातं, तेव्हा खांब कामाचा नाही. त्यासाठी तळपट्टीला (शटरच्या सगळ्यात खालच्या पट्टीला) दोन्ही बाजूंनी १६ मिमीचे कडीबोल्ट गाइडमधून, आणि मधे खांबाला अडकणारा एक हूक. बोल्ट लागलेले असताना कोणी रिमोट दाबला तर तळपट्टी वाकते, म्हणून बोल्टला मायक्रोस्विच (बोल्ट सरकला की दबणारा लहान स्विच) लावून मोटरची लाइन तोडा.

सुकतीभरती

खाऱ्या हवेबद्दल थोडं. गाइडमध्ये ग्रीस नको, वाळू चिकटून लेप होतो. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, सिलिकॉन स्प्रे मारा, पावसाळ्यात दर महिन्याला. ग्रीस फक्त बेअरिंगला. नवे बोल्ट हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) घ्या किंवा एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार). ३०४ ला समुद्राजवळ ठिपके पडतात. तळाचं रबर कडक झालं असेल तर बदला, आणि शटरच्या बाहेर आडवी ४ इंची नाली करून वर जाळी टाका. नैऋत्येचा पाऊस रबराने अडत नाही.

उत्तरपेडणे

खिडकीखाली गॅरेजचं कंड्युट (वायरिंगची नळी) जातंय, ते आधी हलवून घेतो. सॉकेट नेमकं मधोमध घ्यायचं की गाडीच्या चाकांच्या रेषेतून बाजूला?

चिरेबंदी

मधोमध. चाकं त्याच्या दोन्ही बाजूंनी जातात. फक्त झाकण फरशीच्या पातळीत ठेवा आणि त्याला स्क्रू असू दे, नाहीतर पहिल्या धुण्यातच हरवेल.